झेंडा वर गेला, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

मंडळी, आजचा विषय थंडगार आहे, पण डोकं माझं तापलेलं आहे. विषय आहे गोठलेल्या तळ्यावर मासे गरवायला लावतात ते ट्रॅप. कुठले घ्यावेत, किती घ्यावेत आणि घेतल्यावर त्यांची निगा कशी राखावी. "ह्यात काय एवढं लिहिण्यासारखं? दुकानात जायचं, पाच उचलायचे, बर्फात लावायचे आणि कॉफी पीत बसायचं" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझं भांडण नेमकं त्यांच्याशीच आहे.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, म्हणजे मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट ह्या राज्यांत, हिवाळ्यात तळी गोठतात. गोठतात म्हणजे वरून गोठतात. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं, ते तळाशी जाऊन बसतं, आणि शून्याजवळचं हलकं पाणी वर राहून त्याचा बर्फ होतो. शाळेत 'पाण्याचे असंगत आचरण' म्हणून घोकलेलं आठवतंय का? तेच ते. परीक्षेत दोन मार्कांना होतं, इथे त्याच्यावर माशांचा अख्खा हिवाळा चालतो. मग बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचं (इथे त्याला ऑगर म्हणतात, पण आहे ते सुताराचं गिरमिटच, फक्त कमरेएवढं उंच), भोकातला बर्फाचा चुरा झाऱ्याने काढायचा (हो, झाराच! कढईतून भजी काढतो तस्साच) आणि भोकावर ट्रॅप बसवायचा.

ट्रॅप म्हणजे काय, तर भोकावर आडवी बसणारी एक चौकट. तिच्या खालच्या टोकाला दोरीचं रीळ. हे रीळ पाण्यात बुडलेलं असतं, कारण हवेत राहिलं तर गोठून बसेल. दोरीच्या टोकाला गळ आणि गळाला आमिष, बहुतेक वेळा छोटी जिवंत मासोळी. वरच्या बाजूला पोलादी स्प्रिंगच्या पट्टीवर लाल किंवा केशरी झेंडा. तो वाकवून एका खटक्यात अडकवायचा. माशाने आमिष तोंडात धरून पळ काढला की रीळ फिरतं, रिळाबरोबर दांडी फिरते, खटका सुटतो आणि झेंडा फाटकन उभा राहतो. संपलं! ना बॅटरी, ना सॉफ्टवेअर.

आता गंमत बघा. मेनमध्ये ह्याला म्हणतात ट्रॅप, म्हणजे सापळा. उरलेल्या अमेरिकेत बहुतेक ठिकाणी टिप-अप. मला वाटतं सगळ्या घोळाचं मूळ ह्या 'ट्रॅप' नावात आहे. उंदराचा सापळा आपण रात्री लावतो, झोपतो आणि सकाळी उठून बघतो. सापळ्याचं कामच ते. पण हा ट्रॅप काहीच पकडत नाही! तो गळ माशाच्या ओठात रुतवत नाही, मासा वर ओढत नाही, कुठलं दार बंद करत नाही. तो फक्त कळवतो. बाकी सगळं काम माणसाचं. म्हणजे हा सापळा नाहीच, ही घंटा आहे. आणि घंटा विकत घेताना, लावताना, सांभाळताना दोनच प्रश्न विचारायचे असतात. ती वाजते तेव्हा खरंच काही घडलेलं असतं का? आणि ती वाजल्यावर कोणी उठतं का?

माझं सगळं म्हणणं ह्या दोन प्रश्नांत आलं. ट्रॅपबद्दलचा जो सल्ला ह्यांच्यापैकी एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही, तो दुकानदाराच्या फायद्याचा असेल, तुमच्या आणि माशाच्या फायद्याचा नाही.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण सगळ्यात जास्त पाप तिथे घडतं.

मेनच्या सर्वसाधारण नियमानुसार एका माणसाला बर्फातून एका वेळी ५ दोऱ्या सोडता येतात. विस्कॉन्सिनमध्ये ३, मिनेसोटात २. ही आहे कमाल मर्यादा. 'ह्याच्या वर जाऊ नका' असा तिचा अर्थ. पण आपण माणसं तिचा अर्थ 'एवढे तर लावलेच पाहिजेत' असा घेतो. बुफेला गेल्यावर ताटात मावतं म्हणून वाढून घेतो ना, तसंच. नवरा, बायको आणि दोन मुलं म्हणजे चार पंचे वीस! वीस ट्रॅप स्लेडवर लादून ओढत न्यायचे, अर्धा तळा व्यापेल असे पसरायचे, आणि मग मंडळी कुठे? तंबूत. हीटर लावून, रमीचा डाव मांडून, थर्मासमधला चहा आणि डब्यातली भेळ. आमच्या मराठी लोकांचे असे गट मी पाहिलेत आणि गोऱ्यांचेही पाहिलेत. फरक फक्त डब्यातल्या पदार्थाचा.

नियमाचा पुढचा भाग मात्र कोणी वाचत नाही. दोऱ्या ज्याने लावल्या, त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली त्या असल्या पाहिजेत. कस्क नावाचा मासा रात्री धरतात, त्याला तेवढी सूट आहे, पण तिथेसुद्धा निदान तासाला एकदा जाऊन बघावं लागतं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं की ही लावून विसरायची वस्तू नाही. विसरतात ते आपण.

विसरलं तर होतं काय? नीट समजून घ्या, कारण मुद्दा इथेच आहे. बरेच शिकारी मासे आमिष एका दमात गिळत नाहीत. आधी आडवं तोंडात धरतात, थोडं अंतर पळतात, थांबतात, ते तोंडातल्या तोंडात फिरवतात आणि डोक्याकडून गिळतात. झेंडा वर जातो तो ह्यातल्या पहिल्या पळापळीत. तेव्हा पोचलात तर गळ ओठाच्या कोपऱ्यात मिळतो. चिमट्याने काढायचा, मासा परत पाण्यात, दोघंही खूश. चार मिनिटं उशीर केलात तर गळ घशात. दहा मिनिटांनी डाव संपवून रमतगमत गेलात तर गळ पोटात. आमच्या धंद्यात ह्या उशिराला लेटन्सी म्हणतात आणि ती कमी करायला लोक रात्री जागवतात. तिथे निदान कोणाचा जीव जात नाही.

आणि इथे जीव नेमका कोणाचा जातो? मेनमध्ये सर्वसाधारण नियमानुसार १४ इंचांपेक्षा लहान सॅमन ठेवता येत नाही, परत सोडावा लागतो. ह्या नियमामागे एक गृहीतक आहे. सोडलेला मासा जगेल, मोठा होईल, अंडी घालेल. घशात नाहीतर पोटात गळ रुतलेला १२ इंची सॅमन तुम्ही कायद्याला धरून परत सोडता, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटता, आणि तो बर्फाखाली जाऊन मरतो. कागदावर तुम्ही एकही मासा मारलेला नाही. नियम पाळल्याचं समाधान आहे, नियमाचा हेतू मात्र धुळीला मिळालाय.

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही खायलाच पकडतो, सोडायचा प्रश्न कुठे येतो?" खा की! मीपण खातो. हळद-तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर परतलेला टोग (म्हणजे लेक ट्राउट, हे खास मेनचं नाव) काय लागतो म्हणून सांगू! पण आमिष कोणी खायचं हे तुम्ही ठरवत नाही. १२ इंची पोर खाईल की २० इंची बाप, हे भोकावरून कळत नाही. म्हणून गळ गिळला जाण्याआधी पोचणं हे सोडणाऱ्याचं काम आहे तितकंच खाणाऱ्याचंही.

दुसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे. "तळं एवढं मोठं, मासा कुठे आहे माहीत नाही. जास्त भोकं, वेगवेगळी खोली, म्हणजे शोध लवकर लागतो." हे खरं आहे. सेबॅगोसारख्या ३०० फुटांहून खोल तळ्यात एकाच भोकाशी बसून नशिबाची वाट बघण्यात हशील नाही. पण हा शोधाचा युक्तिवाद आहे, दिवसभर पसरून ठेवण्याचा नाही. पहिला तासभर पाच लावा, वेगवेगळ्या खोलीवर लावा, आणि त्या तासात उभे राहा, फिरत राहा, चहा उभ्यानेच प्या. जिथे झेंडा उठेल तिथे बाकीचे गोळा करा. आणि पाचही जण तुमच्या नजरेच्या आणि पायांच्या टप्प्यात असू देत. नजरेच्या नुसतं नाही, पायांच्याही! दुर्बिणीतून दिसणारा झेंडा हा कॅलेंडरवरच्या चित्रासारखा, बघायला छान, उपयोग शून्य.

पायांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. झेंडा उठला की माणूस पळतो, आणि पळताना खाली बघत नाही. पायी चालायला निदान ४ इंच स्वच्छ, कडक बर्फ लागतो असं मिनेसोटाचं निसर्ग खातं सांगतं, आणि पांढरा, भुसभुशीत बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. तळ्यात झरे असतात, ओढे येऊन मिळतात, तिथे बर्फ पातळ असतो. ज्या रस्त्याने पळणार तो रस्ता आधी पहारीने ठोकून तपासलेला हवा. अशा तपासलेल्या पट्ट्यात किती ट्रॅप मावतात बघा. बहुतेक दिवशी उत्तर पाच येत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे खरं वाजणारी घंटा कुठली. इथे दुकानातला गोंधळ सुरू होतो. ढोबळमानाने तीन घराणी आहेत.

एक म्हणजे मेनचा पारंपरिक लाकडी ट्रॅप. 'जॅक ट्रॅप्स', 'हेरिटेज' ही तिथली नावाजलेली मंडळी. जाड लाकूड, धातूचं मोठं रीळ, चांगली उंच दांडी. भोक रुंद असलं, बर्फ जाड असला, वारा सुटला तरी हलत नाही. किंमत साध्या प्लास्टिकच्या ट्रॅपच्या कितीतरी पट. दुसरा, लांब आडवी पट्टी आणि खाली नळी असलेला, विस्कॉन्सिनच्या बीव्हर डॅम गावाच्या नावाने ओळखला जातो तो. ह्याची फिरती दांडी नळीच्या आत, न गोठणाऱ्या ग्रीसमध्ये बुडालेली असते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ती अडत नाही. तिसरा गोल थाळीसारखा. थाळी भोक झाकते, त्यामुळे भोक लवकर गोठत नाही, वरून बर्फ भुरभुरत नाही आणि उथळ पाण्यात उजेड खाली जाऊन मासा बिचकत नाही.

ह्यातला उत्तम कुठला? हा प्रश्नच चुकीचा आहे, पण त्यावर लोक ज्या तावातावाने भांडतात ते बघून टॅब आणि स्पेसवरून भांडणारे आमचे प्रोग्रामर आठवतात :) लाकूडवाले प्लास्टिकवाल्यांना तुच्छ लेखतात, प्लास्टिकवाले लाकूडवाल्यांना उधळे म्हणतात. आणि दोघांच्याही पिशवीतल्या ट्रॅपची रिळं गंजलेली! घराणं कुठलंही असो, दुकानात उभं राहून पुढच्या गोष्टी बघा.

रीळ एका बोटाने, अगदी हलक्या हाताने फिरवा. फिरताना कुठे अडतं का, डगमगतं का? दुकानातल्या ऊबेत जे थोडं अडतं ते उणे १५ अंशांत पूर्ण अडणार. रीळ अडलं की माशाला ओढ जाणवते, तो आमिष टाकून देतो, आणि तुमचा झेंडा गप्प. म्हणजे घटना घडली पण घंटा वाजली नाही.

मग खटका बघा. त्याला हलकं आणि जड असं दोन प्रकारे अडकवता येतं का? बऱ्याच चांगल्या ट्रॅपच्या खटक्याला एक बाजू गुळगुळीत आणि एक बाजू खाचेची असते. निवांत दिवशी, छोट्या आमिषाला गुळगुळीत बाजू. वारा असला किंवा आमिषाची मासोळी दांडगी असली तर खाच. ही सोय नसेल तर वाऱ्याच्या प्रत्येक झोताला झेंडा उठेल. पहिल्या तीन वेळा तुम्ही पळाल, चौथ्या वेळी "वाराच असेल" म्हणाल, आणि चौथ्या वेळी मासाच असेल. ज्याने कधी ऑफिसची सपोर्टची ड्यूटी केली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. दर दोन मिनिटांनी खोटा अलार्म देणारी सिस्टीम ही अलार्म नसलेल्या सिस्टीमपेक्षा वाईट, कारण ती माणसाला दुर्लक्ष करायला शिकवते.

झेंडा किती उंच आणि किती भडक आहे ते बघा. हातमोजे घालून ट्रॅप लावता येतो का ते दुकानातच करून बघा (लोक हसतील, हसू देत). आणि शेवटचं म्हणजे तो उघडता येतो का? स्क्रू काढून रीळ बदलता येतं का, स्प्रिंग नवी बसवता येते का? जो ट्रॅप चिकटवून बंद केलाय तो मोडला की कचऱ्यात जाणार, आणि मोडेपर्यंतही त्याच्या आत ग्रीस घालता येणार नाही. ह्या कसोट्यांना उतरलेला स्वस्त ट्रॅप घ्या, खुशाल घ्या. न उतरलेला महागडा लाकडी ट्रॅप दिवाणखान्यात भिंतीवर टांगा, छान दिसेल.

आणि हो, ते नवे दिवे आणि भोंगे. झेंडा उठला की दिवा लागतो, भोंगा वाजतो, काही प्रकारांत थेट मोबाईलवर निरोप येतो. मी सॉफ्टवेअरवाला असून ह्याच्या विरोधात कसा, असं मला विचारतात. सॉफ्टवेअरवाला आहे म्हणूनच! अंधारात दिवा उपयोगी आहे, नजर अधू झालेल्या आजोबांना भोंगा उपयोगी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण निरोप लवकर आल्याने तुमचे पाय लांब होत नाहीत. आणि प्रत्यक्षात काय होतं? निरोप येणारच आहे म्हटल्यावर लोक ट्रॅप आणखी लांब लावतात आणि तंबूत आणखी खोल शिरतात. कळायला लागणारा वेळ अर्धा मिनिट वाचला, पोचायला लागणारा पाच मिनिटं वाढला. आमच्या कोकणात खडपावर बसून गरवणारा माणूस दोरी बोटावर धरून बसतो. त्याला झेंडा लागत नाही, कारण त्याचं बोट हाच झेंडा. ट्रॅप हा त्या बोटाला दिलेला थोडासा विस्तार आहे, बोट खिशात घालून ठेवायचा परवाना नाही.

आता दोरीच्या टोकाशी येऊ. रिळावर विणलेली जाडसर दोरी भरा, कारण मासा हाताने ओढायचा असतो आणि बारीक तंगूस गारठलेल्या बोटांना कापतो. टोकाला चार-सहा फूट पारदर्शक तंगूस, मध्ये भिंगरी, म्हणजे पीळ बसत नाही. दोरीचं आतलं टोक रिळाला गाठ मारून बांधा. हास्यास्पद वाटतं ना? पण नुसती गुंडाळलेली दोरी मोठा मासा शेवटपर्यंत ओढून घेऊन जातो, आणि मग ती शेकडो फूट दोरी तळ्यात कायमची. गळ शक्यतो एकेरी किंवा आत वळलेला, वर्तुळाकार घ्या, तो घशात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात बसण्याची शक्यता जास्त. तरीही खोल गेलाच, तर उचकटून काढू नका, दोरी गळाजवळ कापा आणि मासा सोडा, जगायची आशा त्यात जास्त असते. आणि फोटोसाठी त्याला बर्फावर लोळवू नका. उणे तापमानात ओले कल्ले गोठायला फार वेळ लागत नाही.

आणि शिसं. इथे मात्र मला कुठलीही तडजोड मान्य नाही. आमिष खाली नेण्यासाठी दोरीला छोटी गोळी चिमटतात, आणि कित्येकांच्या डब्यात ती अजूनही शिशाची असते. लून नावाचा एक देखणा पक्षी ह्या तळ्यांवर उन्हाळ्यात राहतो. त्याचा आवाज एकदा ऐकलात तर जन्मभर विसरणार नाही. मिनेसोटाचा तो राज्यपक्षी आहे, कॅनडाच्या १ डॉलरच्या नाण्यावर १९८७ पासून तो आहे. हा पक्षी अन्न दळायला तळातले बारीक खडे गिळतो. खड्यांबरोबर शिशाची गोळी गिळतो, किंवा गळ-गोळीसकट तुटून गेलेला मासा गिळतो. पोटात दळण सुरू होतं, शिसं रक्तात उतरतं, आणि काही आठवड्यांत तो मरतो. एक गोळी पुरते. एक! न्यू हॅम्पशायरने २००० सालापासून तळ्यांत छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली, अमेरिकेत असं करणारं ते पहिलं राज्य. मेनने २०१३ साली कायदा करून १ औंसापर्यंतच्या वजनांवर बंदी आणली आणि पुढे टप्प्याटप्प्याने शिशाच्या जिगवरही.

लोकांचं उत्तर ठरलेलं. "हिवाळ्यात तळ्यावर लून असतातच कुठे?" नसतात, बरोबर. हिवाळ्यात ते समुद्रावर जातात. पण तुमची गोळी हिवाळ्यात कुठे जात नाही ना? ती तळाशी खड्यांत वाट बघत बसते. मे महिन्यात पक्षी परत येतो तेव्हा तुम्ही ऑफिसात असता, आणि तो मेलेला तुम्हाला कधीच दिसत नाही. न दिसणाऱ्या नुकसानीचं आपल्याला काही वाटत नाही, हीच तर खरी अडचण. कथलाच्या, पोलादाच्या, टंगस्टनच्या गोळ्या मिळतात. टंगस्टन तर शिशापेक्षा जड, म्हणजे गोळी आणखी छोटी. थोडे पैसे जास्त पडतात. पडू देत.

राहता राहिली निगा. ट्रॅप बर्फावर फारसा बिघडत नाही, घरी बिघडतो. संध्याकाळी थकून आलो की ओली पिशवी गॅरेजमध्ये फेकायची आणि पुढच्या शनिवारी तशीच उचलायची, ही सार्वत्रिक पद्धत. त्या आठवडाभरात ओली दोरी रिळावर कुजते, गळ गंजतो, गंज तंगुसाला लागतो, लाकूड फुगतं, आणि वाकवून अडकवलेली झेंड्याची स्प्रिंग तशीच वाकडी राहून मरगळते. आणि पुढच्या वेळी माशाने ओढल्यावर गाठ तुटली की म्हणायचं, "काय मोठा होता माहितीये!" मोठा नव्हता हो, गाठ कुजलेली होती.

करायचं फार नाही. घरी आल्या आल्या झेंडे खटक्यातून सोडा. ट्रॅप पिशवीतून काढून उभे करा, दोरी रिळावरून सैल करून सुकू द्या, चुलीजवळ किंवा हीटरला चिकटून नको, लाकूड तडकतं. दुसऱ्या दिवशी शेवटचं चार-सहा फूट तंगूस दोन बोटांतून फिरवा. कुठे खरबरीत लागलं तर कापून नवं बांधा. गळाची धार नखावर तपासा. सरकला तर कानशीने घासा किंवा फेकून द्या. फिरत्या दांडीला थंडीत न घट्ट होणारं ग्रीस किंवा ग्रॅफाइट लावा. घरात शिवणयंत्रासाठी ठेवलेलं तेल नको, ते थंडीत मधासारखं होतं. मोसम संपला की लाकूड बारीक पॉलिशपेपरने घासून जवसाच्या तेलाचा किंवा व्हार्निशचा हात द्या. आणि ह्या सगळ्यानंतर एक चाचणी घ्या. ट्रॅप रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी काढून झेंडा अडकवा आणि दोरी हळूच ओढा. झेंडा उठला तर पास. बायको काय म्हणेल ते तुमचं तुम्ही बघा :)

एका ट्रॅपला हे सगळं करायला जेमतेम पाव तास लागतो. पाच असतील तर सव्वा तास, वीस असतील तर पाच तास. आता प्रामाणिकपणे सांगा, वीस ट्रॅपवाला माणूस दर आठवड्याला पाच तास बसतो का? नाही बसत. म्हणजे त्याच्याकडे वीस घंटा नाहीत, वीस शक्यता आहेत, आणि त्यातल्या किती वाजतील हे त्यालाही माहीत नाही. किती ट्रॅप घ्यावेत ह्याचं उत्तर म्हणून मी राज्याच्या नियमपुस्तकात बघतच नाही. रविवारी संध्याकाळी जितके नीट सुकवून, तपासून ठेवू शकता आणि शनिवारी जितक्यांपर्यंत गळ घशात जायच्या आत पोचू शकता, ह्या दोन आकड्यांतला जो लहान असेल तेवढे घ्या. बहुतेक नोकरदार माणसाला तो आकडा दोन किंवा तीन येतो. मिनेसोटावाले काही वेडे नाहीत.

आणि ज्याला झेंड्यामागे पळायचंच नाही, थंडी वाजते, गुडघे दुखतात, रमीचा डाव सोडवत नाही, त्याच्यावर माझा राग नाही. त्याने तंबूतच एक भोक पाडावं, हातात छोटी काठी घ्यावी आणि दोरीचं टोक स्वतःच्या बोटांवर ठेवून बसावं. मासा लागला की त्याच क्षणी कळेल. बाहेर बर्फात वीस झेंडे रोवून आत पत्ते पिसत बसण्यापेक्षा ती मासेमारी शंभर पटींनी खरी. झेंडे रोवणार असाल तर मात्र बूट काढू नका.